माहिती अधिकार कायद्याचं कलम 7(9) म्हणजे नकाराचा परवाना नव्हे

‘माहिती खूप मोठी आहे, 7(9) खाली अर्ज फेटाळला की विषय संपला’ असं काहीजण म्हणतात, ते मत मला पटलं नाही. ते कलम फक्त माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची एवढंच सांगतं: मागितलेल्या स्वरूपात देताना कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्च होत असेल किंवा अभिलेखाला धोका असेल तर दुसऱ्या स्वरूपात द्या. नकाराची कारणं कलम 8 आणि 9 मध्ये आहेत, आणि त्यांत ‘फार पानं आहेत’ हे कुठेच नाही. अर्थात, सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सरसकट, अव्यवहार्य मागण्यांवर ताशेरे ओढलेत, त्यामुळे ‘गेल्या दहा वर्षांचा सगळा पत्रव्यवहार द्या’ छाप अर्जांचं समर्थन मीही करणार नाही.

मला असंच उत्तर आलं तेव्हा भांडत बसलो नाही. कलम 2(ञ) खाली नस्त्यांची (फायलींची) प्रत्यक्ष पाहणी मागितली. केंद्राच्या कार्यालयांत पहिला तास मोफत, पुढे तासाला 5 रुपये. गठ्ठे उपसल्यावर कळलं, मला हवी होती जेमतेम अकरा पानं! तेवढ्याच झेरॉक्स घेतल्या.