पडवीच्या काचांवर पक्षी आदळून मरत आहेत, काय करावे?

रातांबा (गुहागर तालुका):
आगरातल्या आमच्या घराची पडवी गेल्या वर्षी सरकत्या काचांनी बंद करून घेतली. पावसाची झड अडवण्यासाठी दरवर्षी झापे बांधावी लागत, ते काम वाचले. पण या जूनपासून त्याच काचांवर आदळून दोन पाचू कवडे आणि एक तिबोटी खंड्या मेला. वीतभरही नसलेला तो खंड्या आईने ओंजळीत उचलला, तेव्हा त्याचे अंग अजून गरम होते. आतल्या बाजूने गरुडाचे चित्र चिकटवून पाहिले, पण त्यानंतरच दुसरा कवडा गेला. शिवाय एक दयाळ चैत्रापासून रोज सकाळी काचेवर चोची मारत असे. काचा काढणे शक्य नाही. कृपया उपाय सुचवावा.

सुरंगी:
बाहेरून पाहिले तर तुमच्या काचेत माड-पोफळीच दिसत असतील आणि पक्ष्याला ते खरे आगर वाटते. कवडा आणि खंड्या झाडांमधून खालून, वेगाने उडतात, त्यामुळे त्यांना सावरायला अवधीच मिळत नाही. गरुडाच्या चित्राला पक्षी भीत नाहीत. ते फक्त तेवढी जागा टाळतात आणि शेजारच्या मोकळ्या काचेवर येतात. आतून लावलेली खूण तर प्रतिबिंबाखाली झाकून जाते. म्हणून खुणा बाहेरूनच हव्यात आणि संपूर्ण काचभर हव्यात: निदान ६ मिलिमीटरचे ठिपके, आडवे-उभे ५ सेंटिमीटर अंतरावर. चुन्याचे ठिपके पहिल्याच सरीत धुऊन जातील, म्हणून तैलरंग वापरावा. रंग नको असेल, तर काचेबाहेर वरून उभ्या दोऱ्या सोडाव्यात. त्यांत १० सेंटिमीटरपर्यंत अंतर चालते, पण खंड्याचा विचार करून मी ५च ठेवीन.

दयाळाची गोष्ट वेगळी आहे. विणीच्या काळात तो स्वतःच्या प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी नर समजून झुंजतो. तेवढे दिवस ती काच बाहेरून झाकली, तरी पुरते.

खलाशी (दापोली):
डासांची जाळी चौकटीवर ताणून काचेपासून थोडी पुढे बसवल्यास प्रतिबिंबही मंदावते आणि पक्षी आदळलाच, तरी मार कमी लागतो. मासेमारीचे जुने जाळे मात्र कृपा करून लावू नका, कारण सैल जाळ्यात पाय आणि पंख अडकतात.

एका घराने काय फरक पडतो, असे कोणाला वाटत असेल, तर त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज असा होता, की तेथे दरवर्षी ३६.५ ते ९८.८ कोटी पक्षी इमारतींवर आदळून मरतात आणि त्यांतले सुमारे ४४ टक्के एक ते तीन मजली घरांवर. उंच मनोऱ्यांचा वाटा एक टक्काही नाही.

रातांबा:
मनापासून आभार. आगराकडच्या चार काचांना या रविवारीच दोऱ्या बांधतो. त्याआधी एखादा पक्षी आदळून नुसता बेशुद्ध पडला, तर काय करावे? आई पाणी पाजायला जाते.

सुरंगी:
पाणी पाजू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ फडके घालून त्याला ठेवावे, झाकण लावावे आणि खोके मांजरापासून दूर, शांत जागी ठेवावे. तासा-दोन तासांनी खोके आगरात नेऊन, काचांपासून लांब उघडावे. पंख लोंबत असेल किंवा उडता येत नसेल, तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.