हाफ बोर्ड म्हणजे नक्की काय? एकाच ईमेलमध्ये तीन वेळा 'बोर्ड' आलंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

थोडं मोठं लिहिणार आहे पण पूर्ण वाचा प्लीज, कारण उद्या संध्याकाळपर्यंत एका पाहुण्यांना उत्तर द्यायचंय आणि या वेळी मला चूक अजिबात नकोय.

आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. घराच्या मागे वाडीत तीन खोल्या बांधल्यात, निवास आणि न्याहारी योजनेत नोंदणी केलीये, सीझनला बऱ्यापैकी माणसं येतात. फोन आमचे हे घेतात आणि ईमेल मी बघते. माझं शिक्षण सगळं मराठी माध्यमातलं, पण इंग्रजी वाचते, बरंचसं कळतं, अडलं की मुलीला विचारते. फक्त बोर्ड या एका शब्दाने मला आता दोनदा अडवलंय.

तुम्ही म्हणाल बोर्डमध्ये काय अवघड. मलाही तसंच वाटायचं, कारण आमच्या घरात हा शब्द दिवसातून दहा वेळा येतो. मुलगी नववीत, म्हणजे पुढच्या वर्षी बोर्ड, आणि आमचं बोर्ड म्हणजे कोकण बोर्ड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोनच जिल्ह्यांचं, 2012 पासून दहावीच्या निकालात पहिलं, 2024 ला तर 99.01 टक्के निकाल, त्यामुळे इथे नापास व्हायचं सोडाच, सत्तर टक्के मिळाले तरी शेजारीपाजारी काळजीने विचारतात काय झालं म्हणून. मग पावसात लाइट ये-जा करायला लागली की इन्व्हर्टरचं बोर्ड उडतं. एसटी वळणावर दिसली की आधी बोर्ड वाचायचा, चिपळूण की शृंगारतळी. पावसाळ्यात पाहुणे नसले की कॅरम बोर्ड निघतो, पावडर दमट होऊन गोळे होतात तरी खेळतात. आणि गंमत म्हणजे आपण मराठीत लिंग बदलून यातला थोडा गोंधळ मिटवून टाकलाय, पाटीचा तो बोर्ड आणि परीक्षेचं ते बोर्ड, कोणी शिकवलं नाही पण कोणी चुकत पण नाही. इंग्रजीत ती सोय नाही, तिथे सगळं एकच.

आता पहिल्या वेळी काय झालं ते सांगते. गेल्या दिवाळीत एक जोडपं येणार होतं. त्यांनी ईमेलमध्ये आधी विचारलं की मेन रोडवरून आत कुठे वळायचं, आणि लगेच पुढच्या ओळीत, डू यू ऑफर हाफ बोर्ड? आमची पाटी रस्त्यावर आहे आणि तिच्यावर माडाची झावळी आडवी येते, आधी पण एका पाहुण्यांनी सांगितलेलं की अर्धंच नाव दिसतं आणि आम्ही पुढे निघून गेलो. त्यामुळे मला शंभर टक्के वाटलं की हे पाटीबद्दलच विचारतायत. मी उत्तर दिलं, नॉट हाफ, वुई हॅव फुल बोर्ड. झावळी पण काढून घेतली.

ते आले, तीन रात्री राहिले, माणसं चांगली होती. सकाळी घावन, दुपारी जेवण, रात्री जेवण, एक दिवस सुरमई, एक दिवस काजूची उसळ आणि मोदक, सगळं मी हाताने केलेलं. निघायच्या दिवशी मी बिलात खोलीचं भाडं आणि जेवणाचे पैसे वेगळे लिहिले तर त्या बाईंनी शांतपणे मोबाईल काढून माझंच ईमेल मला दाखवलं. मला तेव्हासुद्धा कळलं नाही ती काय दाखवतेय. मुलीने नेटवर शोधलं तेव्हा कळलं की फुल बोर्ड म्हणजे तिन्ही वेळचं खाणं भाड्यात धरलेलं. जेवणाचे सगळे पैसे मी काढून टाकले, सॉरी म्हटलं, पण पाटीचा गोंधळ इंग्रजीतून समजावून सांगायला जमलं नाही. पैशाचं एकवेळ सोडून देईन. पण आम्ही लिहितो एक आणि बिल लावतो दुसरंच असं मनात ठेवून ती माणसं आमच्या दारातून गेली, ते मला अजून टोचतं.

आणि आता हे नवीन ईमेल. तीन वाक्यं जशीच्या तशी देते:

वुई प्लॅन टू बोर्ड द लास्ट फेरी फ्रॉम दाभोळ. वुई वुड प्रिफर हाफ बोर्ड. कुड यू ऑलसो बोर्ड अवर डॉग?

पहिलं कळलं, दाभोळ-धोपावे फेरीबोटीने येणार. दुसरं ॲपमध्ये टाकलं तर अर्धे मंडळ असं आलं. तिसऱ्याचं तर काहीच कळेना, कुत्र्याला बोर्ड म्हणजे काय करायचं? डिक्शनरीत बघितलं तर फळी, तक्ता, मंडळ, भोजन, चढणे असं एकाखाली एक दिलंय, पण कशाचा कशाशी संबंध ते कुठेच नाही, आणि संबंध कळल्याशिवाय माझ्या डोक्यात काही राहत नाही.

तर मला सांगा, हाफ बोर्डमध्ये नक्की कुठली जेवणं धरायची, कुत्र्याबद्दल ते नक्की काय विचारतायत, आणि एका शब्दात फळी, जेवण, परीक्षा आणि फेरीत चढणं एवढं सगळं आलं कुठून? शेवटचा प्रश्न मुलीचा पण आहे, तिने वहीत कबर्ड, ओव्हरबोर्ड, स्टारबोर्ड आणि अबव्ह बोर्ड लिहून ठेवलेत.

प्रतिसाद:

ताई, हॉटेल लाइनमध्ये आहे म्हणून पटकन सांगतो. हाफ बोर्ड म्हणजे खोली + नाश्ता + एक मुख्य जेवण, बहुतेक वेळा रात्रीचं. दुपारी लोक फिरायला जातात म्हणून ते बाहेर. फुल बोर्ड म्हणजे खोली आणि तिन्ही वेळचं. आपल्याकडच्या रेट कार्डवर हेच दुसऱ्या नावांनी असतं, ईपी म्हणजे नुसती खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपी म्हणजे तुमचं हाफ बोर्ड आणि एपी म्हणजे फुल बोर्ड. एमएपीमध्ये दुपारचं की रात्रीचं ते पाहुण्यांवर सोडतात, म्हणून तुम्ही उत्तरात स्पष्ट लिहा. एक लक्षात ठेवा, चहा, सरबत, पाण्याच्या बाटल्या यात धरल्यात की नाही यावरून पण वाद होतात, ते आधीच लिहिलेलं बरं.

कुत्र्याचं विचारलंय ते असं की त्याला ठेवून घ्याल का आणि खायला घालाल का. पण यात दोन शक्यता आहेत. त्यांच्याबरोबर खोलीत राहील का, की ते दिवसभर बाहेर असताना तुम्ही सांभाळायचं? यातलं दुसरं जबाबदारीचं काम आहे, विचारून घ्या, अंदाज करू नका.

प्रतिसाद:

नमस्कार. मी जहाजावर तीस वर्षं काढली, आता दापोलीजवळ घरी असतो, हा माझ्या आवडीचा शब्द म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळं फळीपासून धरा. बोर्ड म्हणजे फळी, आणि जुन्या इंग्रजीत जहाजाच्या बाजूला, कडेला पण बोर्डच म्हणायचे. ऑन बोर्ड म्हणजे त्या कडेच्या आत, ओव्हरबोर्ड म्हणजे कडेवरून पलीकडे पाण्यात. बोर्ड करणे हे आधी जहाजाच्या बाजूला जहाज लावणं होतं, बऱ्याचदा हल्ला करायला. नंतर नुसतं जहाजावर चढणं, मग रेल्वे, बस, विमान सगळ्यालाच तेच लागलं. तुमचे पाहुणे फेरीत चढणार तो बोर्ड हा.

मुलीला स्टारबोर्ड सांगा, त्यात ताऱ्याचा काही संबंध नाही. पूर्वी उत्तर युरोपातल्या होड्यांना मागे मधोमध सुकाणू नसायचं, उजव्या बाजूला एक मोठं वल्हं असायचं, कारण बहुतेक माणसं उजव्या हाताची. होडी वळवायची ती बाजू, स्टिअर करायची बाजू, तेच घासून स्टारबोर्ड झालं. वल्हं धक्क्याला आपटू नये म्हणून होडी डाव्या बाजूने धक्क्याला लावायची, त्या बाजूला लारबोर्ड म्हणायचे. आता वाऱ्यात उभं राहून कोणी ओरडलं तर स्टारबोर्ड आणि लारबोर्ड सारखंच ऐकू येतं, आणि समुद्रावर डावं-उजवं चुकलं तर काय होतं ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. म्हणून ब्रिटिश नौदलाने 1844 मध्ये हुकूम काढून लारबोर्ड बंद केलं आणि डाव्या बाजूला पोर्ट म्हणायला लावलं. म्हणजे शब्दाच्या गोंधळाने एकट्या तुमचीच अडचण झाली असं नाही.

आता जेवण. तिकडे पूर्वी जेवायला कायमचं टेबल नसायचं, लाकडी घोड्यांवर, म्हणजे फळी टेकवायच्या आधारांवर, फळ्या टाकायच्या, जेवण झालं की उचलून भिंतीला लावायच्या. म्हणून फळी म्हणजेच टेबल झालं, आणि टेबलावर जे वाढलं ते पण बोर्डच. त्यातून राहून जेवणारा तो बोर्डर, ती शाळा बोर्डिंग, आणि तुमचं हाफ बोर्ड. त्याच टेबलाभोवती कारभार बघायला जी माणसं बसली ती पण बोर्ड, म्हणून कंपनीचं बोर्ड, मुलीच्या दहावीचं बोर्ड, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या लहान बंदरांचा कारभार बघणारं 1996 चं महाराष्ट्र मेरीटाइम बोर्ड. कबर्ड म्हणजे कप मांडायची फळी, दारं नंतर आली. अबव्ह बोर्ड पत्त्यांवरून आलंय असं मानतात, दोन्ही हात टेबलाच्या वर, सगळ्यांना दिसतील असे, म्हणजे लपवाछपवी नाही.

आपली फळी पण काही कमी फिरत नाही. होडीची फळी, मधल्या फळीतला फलंदाज, पक्षाची दुसरी फळी, आणि शाळेत तीच पुल्लिंगी होऊन फळा.

धागालेखिका:

दोघांचेही मनापासून आभार, काका तुमचं तर मी मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं. घोड्यांवर फळ्या टाकून जेवायचे हे वाचलं आणि एकदम सगळं जागेवर बसलं, कारण आपल्याकडे हेच पानाचं झालंय ना! रात्री आठला हे स्वयंपाकघरात डोकावून विचारतात, आज किती पानं? म्हणजे किती माणसं जेवायला. एका वेळी पंचवीस पानं उठली म्हणजे पंचवीस माणसं जेवून गेली. केळीचं पान हल्ली सणालाच, रोज स्टीलची ताटं, तरी आम्ही पानंच मोजतो. विड्याचं पान वेगळं, पुस्तकाचं वेगळं, पत्त्यातलं वेगळं, आणि आपण एकदाही अडखळत नाही. कोणी नवीन मराठी शिकून आलं आणि मी म्हटलं पानं घेतली, या, तर तो पण माझ्यासारखाच उभा राहील. आमच्या समुद्रावर पाण्याची खोली जास्त आहे अशी सूचना लावलेली असते आणि आमच्या गेटवर खोल्या मिळतील, तोही गोंधळ होणारच की.

उत्तर असं लिहिलंय, कोणीतरी इंग्रजी तपासा:

हाफ बोर्ड इज ओके. ब्रेकफास्ट अँड डिनर आर इन्क्लुडेड, लंच इज एक्स्ट्रा. टी इज इन्क्लुडेड, कोल्ड ड्रिंक्स आर नॉट. विल द डॉग स्टे इन युअर रूम, ऑर डू यू वॉन्ट अस टू कीप अँड फीड हिम व्हेन यू आर आउट?

आणि रेट कार्डवरून मी सीपी, बोर्ड वगैरे काही न लिहिता सरळ न्याहारी, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण असे तीन रकाने केलेत, मराठीत आणि खाली इंग्रजीत, ज्याला जे हवं त्यावर खूण करायची.

प्रतिसाद:

ताई, इंग्रजी अगदी बरोबर आहे, पाठवून टाका. कुत्रा नर आहे की मादी माहीत नसेल तर शेवटी हिमऐवजी द डॉग लिहा.

धागालेखिका:

बदल करून पाठवलं, आणि तासाभरात उत्तर पण आलं. कुत्री आहे, त्यांच्याच खोलीत झोपेल, फक्त ते एक दिवस हेदवीला जाऊन येईपर्यंत दुपारी आम्ही तिला बघायचं, आणि खायला भात आणि उकडलेली अंडी. हे म्हणाले हरकत नाही. फेरीतून उतरल्यावर अंधार झालेला असेल, म्हणून पाटीवर पुन्हा आलेली झावळी आज सकाळीच तोडून घेतली आणि वर एक बल्ब लावलाय.