बियर्डेड ड्रॅगनने नऊ दिवस शौच केलेले नाही. तेल पाजावे का?

प्रश्न
माझ्याकडे दोन वर्षांचा नर बियर्डेड ड्रॅगन (पाळीव सरडा) आहे. एरवी तो दोन-तीन दिवसांआड शौच करतो. आता नऊ दिवस उलटले आहेत, पोट किंचित फुगलेले दिसते आणि कालपासून त्याने कीटकांनाही तोंड लावलेले नाही. पेटी 120 × 60 × 60 सेंटीमीटरची असून तळाशी बारीक वाळू आहे. काचेला चिकटवलेला तापमापक 33 अंश दाखवतो. तो रोज कीटक खातो, पालेभाजी मात्र क्वचितच. पोट मोकळे व्हावे म्हणून थोडे तेल पाजले तर चालेल का? मला फार काळजी वाटते आहे.

उत्तर १
तेल कृपया पाजू नका. ते श्वासनलिकेत उतरले, तर बद्धकोष्ठापेक्षा मोठे संकट ओढवेल. आधी तो ज्या दगडावर ऊन घेत बसतो, त्या दगडाच्या पृष्ठभागाचे तापमान इन्फ्रारेड तापमापकाने मोजा. काचेवरचा तापमापक केवळ त्या कोपऱ्यातील हवेचा अंदाज देतो. मध्य ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत प्रदेशातला हा प्राणी शरीराची उष्णता बाहेरून घेतो, त्यामुळे दगड पुरेसा तापलेला नसेल, तर आतड्यांची हालचाल मंदावते आणि खाल्लेले अन्न न पचता पोटातच पडून राहते. प्रौढ प्राण्यासाठी तो पृष्ठभाग 38 ते 42 अंश असावा आणि पेटीची दुसरी बाजू 24 ते 28 अंशांपर्यंत थंड असावी, म्हणजे त्याला हवे तेव्हा सावलीत सरकता येते. माझ्या अनुभवात अशा तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते.

उत्तर २
वरील उत्तराशी सहमत आहे, पण यूव्हीबी नळीचाही (अतिनील-बी किरणे देणाऱ्या दिव्याचाही) विचार व्हायला हवा. ही किरणे न मिळाल्यास त्वचेत ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही, त्याविना अन्नातले कॅल्शियम शरीरात नीट शोषले जात नाही, आणि कॅल्शियम कमी पडले की हाडांबरोबर आतड्यांचे स्नायूही दुबळे होतात. नळी दिसायला उजेड देत राहते, तरी तिची यूव्हीबी हळूहळू घटते. शिवाय साधी काच मध्ये आली तर ही किरणे जवळजवळ पूर्ण अडतात.

दोन वर्षांच्या प्राण्याला रोज कीटक देणे मला योग्य वाटत नाही. या वयात पानांचा वाटा बराच मोठा असावा आणि कीटक आठवड्यातून दोन-तीनदाच, तेही त्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठे नसलेले. वाळू तूर्त काढून कागद अंथरा, म्हणजे खाताना ती पोटात जाणार नाही आणि शौच झाल्यास लगेच कळेल.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. दगडाचे तापमान मोजले, ते जेमतेम 34 अंश निघाले. नळी सव्वा वर्ष जुनी आहे. वाळू काढली आहे. आज आणखी काय करू?

उत्तर ३
दिवा बदलून किंवा योग्य अंतरावर आणून आज दगड 40 अंशांच्या आसपास आणा. दिवा इतका जवळ मात्र नको की त्याची पाठ भाजेल. 32 ते 35 अंशांच्या पाण्यात, त्याच्या खांद्यापेक्षा खोल नसलेल्या भांड्यात, पंधरा-वीस मिनिटे ठेवा आणि क्षणभरही दुर्लक्ष करू नका. पोट दाबू नका आणि शौच होईपर्यंत कीटक देऊ नका.

भूक गेलेली आहे आणि पोट फुगलेले आहे, त्यामुळे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्यांची वेळ आजच ठरवा; वाळू साचली आहे का, हे क्ष-किरण तपासणीत कळू शकेल. मागचे पाय ओढत चालणे, उलटी किंवा कमालीची सुस्ती दिसली, तर ठरलेल्या वेळेचीही वाट न पाहता त्याला घेऊन जा. शौच झालेच, तर ताजा नमुना बंद डबीत सोबत न्या, कारण कॉक्सिडिया (आतड्यातील एकपेशीय परजीवी) आणि सूत्रकृमींची अंडी सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतात. शौचासोबत येणारा युरेटचा (घट्ट लघवीचा) पांढरा भागही पाहून ठेवा. तो पिवळा आणि कोरडा असेल, तर शरीरात पाणी कमी आहे, हे पशुवैद्यांना आवर्जून सांगा.