सुप्रजनन, सुजनन की आणखी काही?

प्रश्न
कॅरी बकच्या खटल्यावर लेख लिहिते आहे. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली. 'चांगल्या' ठरवलेल्या माणसांनाच मुलं होऊ द्यावीत या त्यामागच्या विचाराला (इंग्रजीत 'युजेनिक्स') मराठीत सुप्रजनन, सुजनन, सुप्रजाजननशास्त्र असे बरेच शब्द सापडतात. कोणता घ्यावा?

उत्तर
ताई, 'सुप्रजननवाद' लिहा. 'शास्त्र' जोडलं की तो आनुवंशिकीच्या पंगतीत जाऊन बसतो, आणि ती जागा त्याची नाही. मूळ इंग्रजी शब्द फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८३ मध्ये ग्रीकवरून घडवला. 'उत्तम कुळात जन्मलेला' असा त्याचा अर्थ. आपला 'सु' त्याला अगदी इमानाने धरून आहे, आणि अडचण तीच आहे. सुदृढ, सुशील वाचणारा माणूस 'सु' दिसताच अर्धा होकार देऊन मोकळा होतो.

आणखी एक. कॅरीला थेट 'मतिमंद' लिहू नका, 'मतिमंद ठरवलेली' लिहा. जिथे तिला सांभाळायला ठेवलं होतं त्या घरच्या नातलगाने तिच्यावर बलात्कार केला, ती गरोदर राहिली आणि तिची रवानगी मतिमंद ठरवलेल्यांच्या संस्थेत झाली. न्यायालयाने जिला मंद पिढीत मोजलं ती तिची मुलगी पुढे शाळेत गुणवंतांच्या यादीत आली होती.

आणखी एक उत्तर
आमच्याकडे जनावरांच्या बाबतीत सरळ 'पैदास' म्हणतात. वळू निवडायचा, वाण राखायचा. खिलार ओढकामाला चांगली, दुधाला नाही. म्हणजे 'चांगलं' काय ते मालकाच्या गरजेवरून ठरतं. माणसाला मालक नसतो, म्हणून 'ही कुणाची पैदास' ही शिवी होते. लेखात 'माणसांची निवडक पैदास' असं एकदा तरी उघड लिहा. वाचणाऱ्याला टोचेल, टोचू द्या.

त्यावर
दादांशी सहमत. 'शुद्ध बीजापोटी' हा चरण स्थळं बघताना कुळाच्या बढाईसाठी वापरतात त्याचा मला फार राग येतो. तुकोबा पुढे अमृताची वाणी आणि गंगाजळासारखं चित्त सांगतात, गोत्र नव्हे. जात म्हणजे वंशशुद्धीची शास्त्रीय सोय, हा दावा बाबासाहेबांनी १९३६ मध्येच खोडून काढला: आधुनिक शास्त्रज्ञांनाही नसलेलं आनुवंशिकतेचं ज्ञान पूर्वजांच्या माथी कसं मारता, असा त्यांचा मुद्दा होता.

प्रश्नकर्ती
मग लग्नाआधी थॅलसेमियाची, म्हणजे रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी करतात, तिला काय म्हणायचं?

उत्तर
'वाहक तपासणी'. तिथे माहिती जोडप्याला मिळते आणि निर्णय त्यांचाच असतो. पण नुसतं नाव सौम्य ठेवून भागत नाही. १९९४ मध्ये पुण्यात शासकीय संस्थेतल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं काढली गेली, तेव्हा कारण मासिक पाळीतल्या स्वच्छतेचं दिलं होतं. सुप्रजनन हा शब्दही कुणाला उच्चारावा लागला नाही. तेव्हा लेखात शब्द कोणताही घ्या, संमती कुणाची होती ते त्याच वाक्यात लिहा.