तुरुंगातला डॉक्टर कुणाचा?

वकीलबाई:
विधी सेवेच्या कामासाठी महिन्यातून दोनदा कारागृहात जाते. तिथे एक कच्चा कैदी, म्हणजे खटला अजून चालू असलेला, भेटला. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी सिव्हिलची तारीख तीनदा मिळाली, तीनदा हुकली. कारण दरवेळी तेच, 'गार्ड नाही'. मुळात 1894च्या तुरुंग कायद्याने तुरुंगातली आरोग्यव्यवस्था डॉक्टरकडे दिली, पण अधीक्षकाच्या नियंत्रणाखाली. असा डॉक्टर 'याला आजच बाहेर न्या' असं ठणकावून लिहील? इंग्लंडने 2006पर्यंत ही जबाबदारी एनएचएसकडे, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेकडे सोपवली. आपणही ती पूर्णपणे आरोग्य खात्याकडे द्यावी.

बांधावरून:
आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस. बाळंतिणीला जीपमध्ये घालून तालुक्याला न्यावं लागतं. आणि चोरी करून आत गेलेल्याला दारात डॉक्टर? ज्याचा खून झाला त्याच्या आईला बीपीच्या गोळ्या कोण देतं?

वकीलबाई:
तुम्ही निदान जीप तरी करता. आतल्याला तीही करता येत नाही, कारण कुलूप सरकारचं. शिवाय 'चोरी करून' हे ठरलंय कुठे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) 2022च्या आकडेवारीत 5,73,220 बंद्यांपैकी 4,34,302 जणांचा निकालच लागलेला नव्हता.

बांधावरून:
बरं, मग शिक्षा लागलेल्यांना तरी वगळा.

खडू-फळा:
माओवाद्यांशी संबंधांचा आरोप असलेल्या प्रा. साईबाबा खटल्यातला पांडू नरोटे, गडचिरोलीचा आदिवासी, शिक्षा भोगत होता. ऑगस्ट 2022मध्ये आजारी पडून गेला. मार्च 2024मध्ये नागपूर खंडपीठाने त्या खटल्यातल्या सगळ्यांना निर्दोष सोडलं. वगळायचं कुणाला, ते आधी कळतं का?

निवृत्त हवालदार:
कैदी पार्टीत, म्हणजे कैद्यांची ने-आण करणाऱ्या पोलीस तुकडीत, नऊ वर्षं काढली. मॅडम, डॉक्टर कुठल्याही खात्याचा करा, गाडी आणि माणसं आमचीच लागणार. बंदोबस्त निघाला की पहिली कात्री कैदी पार्टीवर. कैदी पळाला तर निलंबन आमचं, तो आत मेला तर चौकशी दुसऱ्याची. मग कुणाला घाई असेल? आणि एक सांगतो, पैसेवाल्याच्या छातीत दुखलं की गार्ड बरोब्बर मिळतो. महिनाभर वॉर्डात पडून असतो. पारध्याचं पोर बराकीत खोकत राहतं, त्याच्यासाठी फोन करणारा कुणी नाही.

वकीलबाई:
पटलं. गार्डचा मुद्दा मी हलक्यात घेतला. पण मग तज्ज्ञांनाच ठरावीक दिवशी आत बोलवा. खोकणाऱ्याची थुंकीही तिथेच तपासा. तो जामिनावर सुटून घरी जातो तेव्हा टीबी काही गेटवर ठेवून जात नाही.

बांधावरून:
खोकल्याचं मान्य. पण ते तज्ज्ञ आणणार कुठून? आमच्या ग्रामीण रुग्णालयातूनच ना? तिथे आधीच खुर्ची रिकामी.

निवृत्त हवालदार:
त्या हर्नियावाल्याला चौथी तारीख मिळाली का?

वकीलबाई:
हो, येत्या शुक्रवारची.

निवृत्त हवालदार:
शुक्रवारी विसर्जन आहे, मॅडम.