'द ओपन' नक्की कुणासाठी ओपन होती?

आडवा वारा:
'ब्रिटिश ओपन' म्हटलं की गोल्फवाली मंडळी लगेच दुरुस्त करतात, "नुसतं 'द ओपन' म्हणा." जगातली सर्वांत जुनी व्यावसायिक गोल्फ स्पर्धा म्हणून तो मान. असू दे. पण माझं भांडण 'ओपन' या शब्दाशीच आहे. दीडशेहून जास्त वर्षं हे नाव मिरवणारी स्पर्धा त्यातला बराच काळ खुली नव्हतीच.

सुरुवात पाहा. १८५९ मध्ये सेंट अँड्र्यूजचा अॅलन रॉबर्टसन वारला. त्या काळचा सगळ्यांत नावाजलेला खेळाडू तोच. आता त्याच्यानंतर कोण, हे ठरवायला स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविक क्लबने १७ ऑक्टोबर १८६० ला आठ जणांना खेळवलं. आठही व्यावसायिक, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने कॅडी (खेळाडूंच्या काठ्या वाहणारे), चेंडू बनवणारे, मैदान राखणारे. बारा होलचं (चेंडू घालायच्या खळग्यांचं) मैदान, एका दिवसात तीन फेऱ्या. मसलबर्गचा विली पार्क सर्वांत कमी, १७४ फटक्यांत जिंकला, प्रेस्टविकचं मैदान सांभाळणारा टॉम मॉरिस दोन फटके मागे राहिला. विजेत्याला रोख बक्षीस शून्य. मिळाला तो लाल चामड्याचा, चांदीच्या बकलाचा पट्टा, आणि तोही जपून ठेवण्याची हमी दिल्याशिवाय घरी न्यायचा नाही, तोवर तो क्लबच्या खजिनदाराकडे. म्हणजे जिंकलेल्या माणसावरसुद्धा भरवसा नाही! साहेबांनी आपल्या पदरची माणसं झुंजवली आणि मजा पाहिली, एवढाच तो प्रकार. यात 'खुलं' काय होतं?

तिरकस रेघ:
असहमत. तुम्ही सोयीने १८६० वर थांबलात. पुढच्याच वर्षी क्लबने ठरवलं की पट्टा साऱ्या जगाला खुला, आणि १८६१ मध्ये हौशी सभ्य गृहस्थ त्याच कॅडींबरोबर, त्याच नियमांनी खेळले. 'ओपन' नाव तिथून आलं.

हे किती मोठं होतं, ते शेजारच्या खेळांकडे पाहून कळतं. इंग्लिश क्रिकेटमध्ये 'जंटलमेन विरुद्ध प्लेयर्स' हा सामना १९६२ पर्यंत चालू होता, एकाच खेळातले मालक वेगळे आणि मजूर वेगळे. विम्बल्डन १८७७ मध्ये सुरू झालं, पण व्यावसायिकांना तिथे प्रवेश मिळायला १९६८ उजाडलं. गोल्फने ही भिंत शंभर वर्षं आधी पाडली होती.

आणि त्या पट्ट्याची गोष्ट अर्धवट का सोडलीत? टॉम मॉरिसच्या पोराने, यंग टॉमने, १८६८, ६९ आणि ७० अशी सलग तीन वर्षं स्पर्धा मारली आणि नियमाप्रमाणे पट्टा कायमचा घरी नेला. १८७१ मध्ये द्यायला काही उरलंच नाही म्हणून स्पर्धाच झाली नाही! मग तीन क्लबांनी मिळून ३० पौंडांचा चषक करायला टाकला, तोच आजचा 'क्लॅरेट जग', म्हणजे वाइनच्या सुरईच्या घाटाचा चषक. ज्यांनी हमी मागितली त्यांचीच पंचाईत एका मैदान राखणाऱ्याच्या मुलाने केली.

आडवा वारा:
यंग टॉमचा मुद्दा मान्य, मजा आली. क्रिकेटची तुलना मात्र तुमच्यावरच उलटते. मैदान एक होतं हो, पण क्लबहाउस?

१९२० मध्ये इंग्लंडमधल्या डील इथे ओपन झाली. अमेरिकेचा वॉल्टर हेगन, तोवर दोनदा यूएस ओपन जिंकलेला, खेळायला आला तर व्यावसायिकांना क्लबहाउसमध्ये मज्जाव. गड्याने एक आलिशान मोटार भाड्याने घेतली, क्लबहाउससमोर उभी केली आणि तिथेच बूट-कपडे बदलले. पठ्ठ्या खेळला सुमारच, पण टोला अचूक बसला. १९२३ मध्ये ट्रूनला तो दुसरा आला. आठवडाभर दार बंद ठेवलेल्या क्लबहाउसमध्ये बक्षीस समारंभापुरतं आत या म्हटल्यावर तो गेलाच नाही, जमलेल्या प्रेक्षकांना घेऊन तडक पबमध्ये गेला.

म्हणजे तुमच्या त्या १८६१ नंतर साठ वर्षांनीही हीच परिस्थिती. फटके मारायला खुलं, खुर्चीवर बसायला बंद.

तिरकस रेघ:
क्लबहाउस क्लबचं, स्पर्धा स्पर्धेची. या दोन गोष्टींची गल्लत होतेय.

वाळूतली पावलं:
गल्लत नाही, तीच खरी गोष्ट आहे. ओपनला स्वतःचं मैदान नाही, ती दरवर्षी कुठल्यातरी क्लबच्या दारात जाते. त्या दाराला कुलूप असेल तर आत चाललेल्या स्पर्धेला खुली कसं म्हणायचं?

आता बायकांचं बघा. स्पर्धा चालवणाऱ्या 'आर अँड ए'चा मूळ क्लब १७५४ चा, त्याने महिलांना सभासद करायचं ठरवलं २०१४ मध्ये. ओपन भरवणाऱ्या म्यूरफील्ड या स्कॉटिश क्लबच्या सभासदांनी याच प्रश्नावर मे २०१६ मध्ये मतदान घेतलं. बहुमत महिलांच्या बाजूने होतं, पण लागणारे दोन तृतीयांश भरले नाहीत. आर अँड ए ने लगेच जाहीर केलं की ओपन इथे होणार नाही. मार्च २०१७ मध्ये फेरमतदान झालं आणि ८० टक्क्यांनी 'हो' आलं. दहा महिन्यांत एवढं मतपरिवर्तन! यजमानपद जातंय म्हटल्यावर तत्त्वं किती पटकन लवचिक होतात. २०२२ मध्ये त्याच म्यूरफील्डवर महिलांची ओपन झाली, अॅश्ली बुहाई जिंकली. छानच. पण १८६१ चं 'सारं जग' म्हणजे निम्मंच जग होतं, हे नोंदवून ठेवते.

तिरकस रेघ:
हे मात्र बिनतोड. २००५ पासून महिलांना काही अटींवर पात्रता फेरीची वाट मिळाली, एवढंच जोडतो. उशीर झाला हे कबूल.

पण नाव ज्यावर टिकलंय तो भाग म्हणजे पात्रता फेरी, आणि त्यावर कुणीच बोलत नाहीये. १९६३ पर्यंत थेट प्रवेश नव्हताच. गेल्या वर्षीच्या विजेत्यालासुद्धा पुन्हा पात्रता फेरी खेळावी लागे. अमेरिकेचा अर्नॉल्ड पामर १९६१ चा विजेता, तरी १९६२ ला ट्रूनमध्ये तो पात्रता खेळला आणि मग स्पर्धाही जिंकला. याहून खुलं काय असतं? उलट १९६३ नंतरच दार जरा आकसलं, असं मी म्हणेन. आजही कुठल्यातरी छोट्या क्लबातला अनोळखी पोरगा पात्रता फेऱ्या पार करत थेट मुख्य स्पर्धेत पोचू शकतो.

मापात राहा:
पात्रतेचं नाव निघालं आणि मॉरिस फ्लिटक्रॉफ्टची आठवण कुणी काढली नाही?

बॅरो-इन-फर्नेसचा क्रेन चालवणारा माणूस. हौशी म्हणून अर्ज करायचा तर हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा अधिकृत आकडा) दाखवावा लागतो, तो याच्याकडे नव्हता, म्हणून त्याने अर्जावर सरळ 'व्यावसायिक' लिहिलं. १९७६ च्या पात्रता फेरीत त्याने १२१ फटके घेतले, पारच्या (म्हणजे अपेक्षित फटक्यांच्या) वर ४९! त्याच्या बरोबर खेळलेल्यांना प्रवेश फी परत करावी लागली. आर अँड ए ने त्याला कायमची बंदी घातली, तर बाबा खोटी नावं घेऊन पुन्हा पुन्हा हजर.

मला तो फार आवडतो. पण १२१ वाला आत येऊ शकतो म्हणजे स्पर्धा खुली, की त्याला हाकलून दिलं म्हणजे बंद? मला तर वाटतं, त्या वर्षी एका दिवसापुरती ती पूर्ण खुली होती.

तिरकस रेघ:
हा हा. खुली म्हणजे बिनदाराची नव्हे हो. १२१ वाल्याच्या जोडीला ज्याला खेळावं लागलं त्याला विचारा.

आडवा वारा:
माझं मत थोडं हललंय, लपवत नाही. पामरला पात्रता खेळावी लागली हे डोक्यात नव्हतं. तरी हेगनची मोटार काही मनातून जात नाही. फटक्यांच्या हिशोबात ही स्पर्धा तिच्या काळाच्या पुढे होती, माणसांच्या हिशोबात मागे, आणि नाव मात्र पहिल्या हिशोबाचं लावलं.

मापात राहा:
हेगनला दारात अडवल्यावरून १९२६ आठवलं. इंग्लंडमधल्या लिदमला ओपन, प्रेक्षकांना तिकीट लावल्याचं पहिलंच वर्ष. शेवटच्या दिवशी दोन फेऱ्यांच्या मधे अमेरिकेचा बॉबी जोन्स विश्रांतीला हॉटेलवर गेला आणि परतताना खेळाडूचा बिल्ला तिथेच विसरला. फाटकावरच्या माणसाने ओळखलं नाही, आत सोडेना. जोन्सने वाद न घालता पैसे भरून तिकीट काढलं, आत गेला आणि ओपन जिंकला. हौशी असल्यामुळे बक्षिसाची रक्कम त्याला घेता येत नव्हती, वर तिकिटाचे पैसे खिशातून.