मदत हवी आहे: रिव्हॉल्वरचा घोडा पडतो पण काडतूस उडत नाही, तेही फक्त डबल ॲक्शनमध्ये (नुसता चाप ओढून बार करताना)

नमस्कार मंडळी,

मी ओहायोत राहतो, दोन वर्षं इथल्या क्लबात रिव्हॉल्वर नेमबाजी करतोय. गेल्या हिवाळ्यात .357 मॅग्नमची वापरलेली सहाबारी घेतली, चार इंची नळीची. चाप इतका हलका आणि सुळसुळीत की हातात घेतल्या घेतल्या मनात भरली. आता तिच्यापायी झोप उडाली आहे.

सरावाच्या सामन्यात लोखंडी थाळ्यांवर झाडत होतो. तीन बार नीट झाले, चौथ्याला नुसतं टक्. नळी निशाणाकडेच रोखून तीस सेकंद थांबलो (बार उशिरा उडू शकतो, म्हणून ही सवय मोडत नाही), मग सिलिंडर उघडला. उडालेल्या काडतुसांच्या प्रायमरवर (बुडातली, ठोक्याने पेटणारी छोटी टोपी) बाजरीचा दाणा बसेल एवढा खळगा होता. न उडालेल्यावर नख टेकवल्यासारखी उथळ खूण, बस्स.

घरी येऊन घोड्याची खाच आणि फायरिंग पिनचं (प्रायमरवर ठोका देणाऱ्या टोचणीचं) भोक साफ केलं, बरंच जुनं चिकट ग्रीस निघालं. फरक शून्य. मग पुढच्या रविवारी चेंबरांना मार्करने 1 ते 6 आकडे घातले आणि वही घेऊन बसलो. कंपनीची .38 स्पेशल काडतुसं (.357 मध्ये हीही चालतात), डबल ॲक्शनमध्ये 60 झाडली, 7 उडाली नाहीत. घोडा अंगठ्याने मागे ओढून सिंगल ॲक्शनमध्ये 30 झाडली, एकही फसलं नाही. न उडालेली 2, 3, 5 आणि 6 नंबरच्या चेंबरांत विखुरलेली, म्हणजे दोष एखाद्या चेंबरचा नाही. सातपैकी चार दुसऱ्या ठोक्याला उडाली.

माझा तर्क असा: सिंगल ॲक्शनमध्ये घोडा पूर्ण मागे जातो, डबलमध्ये थोडा आधीच सुटतो, त्यामुळे ठोका मुळातच कमी जोराचा. त्यात घोड्याची कमान (स्प्रिंग) अशक्त असेल तर पहिला फटका डबल ॲक्शनलाच बसणार. पण सिलिंडर बंद करून मागेपुढे हलवला तर किंचित खेळतोही. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजलं, 6 हजारांश इंच भरलं. इतकी ढिलाई असली की पिनचा ठोका बसताना सिलिंडर पुढे सरकतो आणि ठोक्याचा काही जोर त्यातच जातो. मग आधी धरायचं काय, कमान की ही ढिलाई?

घरी भरलेल्या काडतुसांचं प्रमाण याहून वाईट आहे. बुडावरून बोट फिरवलं तर काहींचे प्रायमर बोटाला लागतात. ती बाजूला काढली आहेत, उकलून पुन्हा भरीन. भरलेल्या काडतुसातला प्रायमर तसाच दाबायचा नाही, एवढं नक्की ठाऊक आहे.

सामना तीन आठवड्यांवर आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद:

दादा, नवी कमान मागवण्याआधी ग्रिप (मुठीवरचं आवरण) काढा. तुमची कमान पट्टीची असेल तर मुठीच्या पुढच्या बाजूला, खालच्या अंगाला एक छोटा स्क्रू दिसेल. तो कमानीला ताण देतो आणि पूर्ण आवळलेलाच हवा. चाप हलका करायला लोक तो अर्धा आटा सैल करतात, मग प्रत्येक धक्क्याने आणखी ढिला होतो. आवळलेलाच असेल तर बाहेर काढून टोक बघा. काहीजण टोकच कानशीने घासतात, वरून काही कळत नाही. ढिलाईचं काम स्वतः करू नका, गनस्मिथकडे (बंदुका दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या. आणि हो, सिलिंडर रिकामा असल्याची दोनदा खात्री करून मगच हात घाला.

धागाकर्त्याची भर, बारा दिवसांनी:

तुमचे फार फार आभार. स्क्रू आवळलेला होता, पण टोकावर कानशीचे तिरके ओरखडे! नवा मागवून शेजारी धरला तर जुना नखाच्या जाडीइतका आखूड. नवा बसवून डबल ॲक्शनमध्ये कंपनीची 120 काडतुसं झाडली, सगळी उडाली आणि प्रत्येक खळगा खोल. ज्या सुळसुळीत चापावर भाळलो होतो, तो या घासण्यातून आला होता. विकणाऱ्याने एका शब्दाने सांगायला हवं होतं. ही रिव्हॉल्वर कोणी घराच्या रक्षणासाठी उशाशी ठेवली असती, तर?

घरच्या 50 पैकी एक फसलं. तिथे चूक माझ्या हाताची होती: काडतुसाच्या बुडात प्रायमर बसतो तो खळगा न घासताच नवा प्रायमर बसवत होतो, तळाची काजळी त्याला पूर्ण आत जाऊ देत नव्हती. मग पहिल्या ठोक्याचा जोर प्रायमर आत ढकलण्यातच जायचा. आता घासतो आणि बुडाच्या पातळीखाली 4 हजारांश इंच बसला की नाही ते तपासतो.

सिलिंडर गनस्मिथला दाखवला, सामना झाल्यावर तो पातळ वॉशर घालून देणार आहे. एकच प्रश्न उरला. चाप आता जड झालाय, चाळीसेक बारांनंतर बोट थरथरतं आणि नेम डावीकडे खाली जातो. रोज रात्री खोटी काडतुसं घालून पन्नास वेळा कोरडा सराव करतोय. डबल ॲक्शनच्या जड चापावर हात बसवलेल्यांनी सांगावं, चाप बोटाच्या टोकाने ओढता की पहिल्या पेऱ्याने?